निमूट आणि मुकाट

शिरूर-दौंडकडे ग्रामपंचायत 'बिनविरोध' झाली की बातमी कौतुकाने छापतात. पण उमेदवाराने अर्ज कसा मागे घेतला, ते क्रियाविशेषणच सांगते. 'राजीखुशीने' घेतला तर मन वळले. 'मुकाट्याने' घेतला तर कुणाचा तरी धाक होता. 'निमूटपणे' घेतला तर मनातले मनातच राहिले. 'बिनबोभाट' मात्र मनाबद्दल काहीच बोलत नाही, गाजावाजा झाला नाही एवढेच सांगते. बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असा आक्षेप येईल. काही ठिकाणी चालतातही. पण 'मुकाट्याने जेव' असा दम देता येतो, 'राजीखुशीने जेव' असा देता येत नाही. निवडणूक कार्यालयाला दिसते ते इतकेच: माघारीची मुदत संपली आणि जागांइतकेच अर्ज उरले. म्हणून बातमीदाराने 'बिनविरोध'पाशी न थांबता अर्ज मागे घेणाऱ्यालाही गाठून विचारावे.