रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स : हौस आणि दक्षता

घारे डोळे कोकणाला नवीन नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. बाहुलीभोवतीच्या पडद्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर असले की डोळा काळा वा गडद तपकिरी दिसतो. कमी असले की घारा, हिरवट वा निळसर दिसतो. निसर्गाने दिलेला हा रंग आता लेन्सच्या साहाय्याने काही तासांपुरता बदलता येतो आणि त्याच लेन्समध्ये चष्म्याचा नंबरही मिळतो. लग्नसमारंभात चष्मा नको असणाऱ्या तरुण-तरुणींना त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. या हौसेला आमचा विरोध नाही. मात्र रंगाची निवड ही सर्वांत शेवटची पायरी आहे, हे त्यांना व त्यांच्या पालकांना सांगणे आम्ही कर्तव्य मानतो.

लेन्स ज्यावर बसते तो पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. लेन्समुळे या पुरवठ्यात काही प्रमाणात अडथळा येतो आणि झोपेत पापण्या मिटल्यावर तो आणखी घटतो. म्हणूनच लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. संसर्गामुळे झालेला व्रण भरला तरी मागे पांढरा डाग राहू शकतो. आपल्याकडे यालाच डोळ्यात फूल पडणे म्हणतात. दाट डाग बाहुलीसमोरच असेल, तर नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचे रोपण हाच बहुधा उपाय उरतो.

लेन्स घेताना केवळ चष्म्याचा कागद पुरेसा नाही. लेन्सची वक्रता व व्यास त्या व्यक्तीच्या डोळ्याशी जुळावे लागतात. चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असतो, लेन्स मात्र डोळ्यावरच बसते. त्यामुळे चष्म्याचा उणे ६ नंबर लेन्समध्ये सुमारे उणे ५.५० होतो. सिलिंडरचा नंबर असल्यास वेगळ्या प्रकारची लेन्स लागते व तीत रंगांची निवड मर्यादित असते. डोळ्यांत कोरडेपणा किंवा ॲलर्जी असल्यास लेन्स टाळणेच हिताचे ठरते. ज्यांना नंबर नाही, त्यांनीही शोभेची लेन्स घेण्यापूर्वी हीच तपासणी करावी. अमेरिकेत २००५ साली कायदा करून शोभेच्या लेन्सनाही वैद्यकीय साधनांत गणण्यात आले, ते याच कारणाने.

यानंतर रंगाचा विचार. आपल्याकडील गडद डोळ्यांवर फिकट छटेची लेन्स उठून दिसत नाही. त्यासाठी अपारदर्शक रंगाची लेन्स लागते. तिच्या मध्यभागी पाहण्यासाठी रंगविरहित जागा असते. अंधारात बाहुली मोठी होऊन या जागेबाहेर गेली, की कडेचा रंग दृष्टीआड येतो व दिव्यांभोवती वलये दिसू लागतात. रात्री, विशेषतः पावसात, आंबा घाटासारख्या रस्त्यावर वाहन चालवताना अशी लेन्स वापरू नये. केवळ समारंभापुरत्या वापरासाठी एक दिवस वापरून टाकून द्यावयाची लेन्स अधिक सुरक्षित असते.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केल्याशिवाय लेन्सला स्पर्श करू नये. विहिरीचे, पऱ्याचे वा नळाचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी लेन्सला लावू नये. त्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव कॉर्नियाला चिवट व अत्यंत वेदनादायक संसर्ग करू शकतो. अंघोळ, समुद्रस्नान व शिमग्याचे रंग यांपूर्वी लेन्स काढावी. डबीतील जुन्या सोल्युशनमध्ये नवे मिसळू नये. २००६ साली सिंगापूर, हाँगकाँग व अमेरिकेत लेन्स वापरणाऱ्यांमध्ये फ्युझेरियम या बुरशीचा संसर्ग पसरला आणि एक सोल्युशन जगभरातील बाजारातून मागे घ्यावे लागले. दमट कोकणात बुरशीची भीती विशेष आहे. डबी रोज सोल्युशनने धुऊन कोरडी करावी व दर तीन महिन्यांनी बदलावी. सौंदर्यप्रसाधने लेन्स घातल्यानंतर लावावीत. बहिणी-बहिणींनी वा मैत्रिणींनीही एकमेकींची लेन्स कदापि वापरू नये.

डोळा लाल होणे, दुखणे, प्रकाश सहन न होणे, पाणी येणे किंवा अंधूक दिसणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच लेन्स काढावी व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. लेन्स व डबी टाकून न देता सोबत आणावी. जंतूंचा शोध घेण्यास त्यांचा उपयोग होतो. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालू नयेत, कारण बुरशीचा संसर्ग त्यांनी अधिक बळावतो.

नेत्रदानातून मिळणारा कॉर्निया हे एका कुटुंबाने दुःखाच्या क्षणी दिलेले दान असते. ज्या डोळ्याला त्याची गरज पडलीच नसती, त्याच्यावर निष्काळजीपणामुळे ती वेळ येऊ नये, हीच आमची सर्व कुटुंबीयांना नम्र विनंती आहे.