रणांगण खणून रचलेली टेकडी

बेल्जियममध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर ४१ मीटर उंचीची एक टेकडी आहे. वाहून आणलेल्या मातीची, माणसांनी रचलेली. १८ जून १८१५ रोजी नेपोलियनच्या शेवटच्या लढाईत नेदरलँड्सच्या युवराजाच्या खांद्यात गोळी घुसली, ती याच भागात. युवराज वाचला. तरी जागेची खूण राहावी म्हणून त्याच्या वडिलांनी, राजा पहिला विल्यम याने, टेकडीचा हुकूम सोडला. १८२६ मध्ये ती पुरी झाली आणि चारच वर्षांत बेल्जियम बंड करून त्याच्या हातून गेला.

आता हिशोब मांडू. पायथ्याचा घेर ५२० मीटर, म्हणजे त्रिज्या साधारण ८३. शंकूचं सूत्र लावलं की जवळपास ३ लाख घनमीटर माती निघते. घनमीटरला दीड टन धरला तर साडेचार लाख टन, आजच्या दहा टनी डंपरच्या ४५ हजार खेपा! तेव्हा डंपर कुठले? लिएजकडच्या, पाठीवरच्या करंडीतून कोळसा वाहणाऱ्या बायकांनी ही माती वाहिली असं सांगतात. करंडीला ४० किलो धरले तरी एक कोटीच्या वर करंड्या झाल्या. माथ्यावरचा बिडाचा सिंह २८ टनांचा आहे. २२६ पायऱ्या चढून त्याच्यापाशी जाता येतं. पण सिंहापेक्षा मला त्या पाठींचं जास्त वाटतं.

आणि माती आणली कुठून? रणांगणातूनच. दोन मीटर खोल खणलं तरी एवढ्या मातीला ३७ एकर रान लागतं. नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या सेनापती वेलिंग्टनने, म्हणजे १८०३ मध्ये जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या आर्थर वेलस्लीने, वॉटर्लूला आपलं बरंचसं पायदळ एका उंचवट्यामागच्या उतारावर दडवलं होतं. फ्रेंच तोफांपासून त्याला आडोसा मिळाला तो या उंचवट्याचाच. सिंहाच्या टेकडीसाठी त्याचाच मोठा लचका तोडला गेला. ज्या जमिनीने लढाई तारली, तीच स्मारकाने खाल्ली, आणि हे नुकसान भरून येणारं नाही.

वॉटर्लूला जाल तर सिंहाआधी अलेक्झांडर गॉर्डनचं स्मारक बघा. वेलिंग्टनचा हा मदतनीस अधिकारी (एडीसी) त्या लढाईत पडला. १८१७ मध्ये त्याचा स्तंभ उभारला तेव्हा तो जमिनीच्या पातळीवरच होता. खणणाऱ्यांनी त्याच्या बुडाची माती तेवढी सोडली. आता तिथवर पोचायला पायऱ्या चढाव्या लागतात.