गांजा की हेम्प? विचारा जनुकाला

2019च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने हेम्प कायदेशीर केलं आणि सरकारी वकील पेचात पडले. धागा, बी आणि तेलासाठी लावतात ते हेम्प. नशेसाठी लावतात तो गांजा. वनस्पती मात्र एकच, कॅनाबिस सटायव्हा. पंजासारखं पान तेच, उग्र दर्पही तोच. पोलिसांच्या रंगचाचणीत दोन्ही जांभळेच दिसतात. कायद्याने भेद केला तो एका आकड्याने: सुक्या वजनात 0.3 टक्क्यांहून जास्त टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, असेल तर गांजा. एवढं अचूक मोजायची सोय बहुतेक सरकारी प्रयोगशाळांत नव्हती. शेकडो खटले सोडून द्यावे लागले.

रोपाच्या आत डोकावलं तर गंमत दिसते. मादी फुलांवरच्या चिकट लवेत सीबीजीए नावाचं आम्ल तयार होतं. एक विकर त्याचं टीएचसीए करतं, दुसरं सीबीडीए. एकाच उंड्यातून एकीने पोळी लाटावी, दुसरीने पुऱ्या, तसं. या दोन विकरांची घडण सुमारे 84 टक्के सारखी! आणि ताज्या रोपातलं टीएचसीए नशा आणतच नाही. आच लागून त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की त्याचं टीएचसी होतं; तसंच सीबीडीएचं नशा न आणणारं सीबीडी.

2003 साली संशोधक डी मायर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारांचा संकर केला. पहिली पिढी सगळी मिश्र निघाली, दुसरीत 1:2:1 असं मेंडेलचं गणित उतरलं. पुढे जनुकसंच वाचल्यावर कळलं, की गांजात सीबीडीचं जनुक मोडलेलं असतं. हेम्पमध्ये टीएचसीचं धड जनुक एक तर नसतं किंवा निकामी असतं. या जनुकांभोवती उड्या मारणाऱ्या, म्हणजे जागा बदलणाऱ्या, जनुकांचा नुसता पसारा!

न्यायवैद्यकाला हे सोयीचं आहे. रसायन मोजायला पक्व फूल लागतं. पीसीआर चाचणीला मात्र एखादं बी किंवा कोवळं पानही पुरतं आणि हवामानाने डीएनए बदलत नाही.

पण ही चाचणी जात सांगते, टक्का नाही. सीबीडीचं विकरही चुकतमाकत थोडं टीएचसी बनवतं. त्यामुळे सीबीडीने भरलेलं अस्सल हेम्पही कधी 0.3 ओलांडतं; जनुक म्हणतं हेम्प, कायदा म्हणतो गांजा. माझ्या मते इथे चूक कायद्याचीच. हा आकडा वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी 1976मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी, तोही कोवळ्या पानांकरता, आपल्या मनाने ठरवला होता.

आपल्याकडे 1985चा अमली पदार्थ कायदा टक्का विचारत नाही. फुलाफळांचे शेंडे म्हणजे गांजा. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. उत्तराखंडात मात्र हेम्पची लागवड 0.3 टक्क्यांच्याच अटीवर होते. तिथल्या शेतकऱ्याला पेरणीआधी बियाण्याची जनुकचाचणी मिळाली, तर उभं पीक जाळायची वेळ बरीच टळेल.