लांबची वाट, कमी वेळ

दिल्ली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या शहरांच्या विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर सुमारे 12,400 किलोमीटर आहे. ही सर्वांत जवळची वाट भिंतीवरील सपाट नकाशात कळत नाही. त्यासाठी पृथ्वीचा गोल घ्यावा व त्यावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो दोरा उत्तरेकडे वळून तिबेट, सायबेरिया आणि आर्क्टिक महासागर यांवरून पलीकडे उतरतो.

विमाने मात्र सहसा या सरळ वाटेने जात नाहीत. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास प्रवाशांना श्वास घेता यावा, म्हणून वैमानिकाला सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. पठारावर ते शक्य नसते. त्यामुळे वाट वाकडी करणे भाग पडते.

प्रवासाचा वेळ ठरवणारे दुसरे कारण म्हणजे वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वेगवान वाऱ्यांचे पट्टे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला हा वारा पाठीमागून ढकलतो, तर पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला तो समोरून अडवतो.

एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी पश्चिमेकडे, अटलांटिक महासागर ओलांडून जात असे. ती वाट सुमारे 13,900 किलोमीटरची होती. ऑक्टोबर 2016 मध्ये तेच विमान प्रथमच पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झाले. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर संपला. विमानाचा सरासरी वेग ताशी 1,050 किलोमीटरच्या वर गेला होता. एरवी असे विमान स्थिर हवेत ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने उडते. वरचा वेग वाऱ्याने दिलेला होता.

घड्याळाचा हिशेब आणखी वेगळा आहे. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास मागे असते. त्यामुळे दिल्लीहून रविवारी पहाटे चार वाजता निघालेला प्रवासी साडेचौदा तासांनी तेथे उतरतो, तेव्हा तेथे रविवारचेच सकाळचे सहा वाजलेले असतात.

निसर्गाप्रमाणे देशांच्या सीमाही वाट ठरवतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घ्यावा लागला, काहींना इंधनासाठी मध्येच उतरावे लागले. शहरे होती तेथेच होती. परंतु प्रवाशांचे तास आणि इंधनाचा खर्च वाढला. म्हणून दूरच्या प्रवासाचा वेळ काढताना केवळ किलोमीटर मोजून भागत नाही. वाऱ्याची दिशा आणि मोकळे आकाश हेही हिशेबात धरावे लागते.