सुट्टीतले संशोधक

परीक्षा आटोपली की काही मुलं सुट्टीला घरी न जाता पुण्याच्या विद्यापीठ आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात दाखल होतात. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं; तिच्या उन्हाळी उपक्रमात निवड झालेल्या या विद्यार्थ्यांना एक मार्गदर्शक मिळतो आणि एक प्रश्न. त्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नसतं. पहिला धक्का हाच, आणि माझ्या मते खरी कमाईही हीच.

या प्रश्नासाठी लागणारी निरीक्षणं बऱ्याचदा नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीची असतात. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या! पण आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण, की मोबाइल आणि वीजवाहिन्यांचा गोंगाट त्यांना सहज झाकून टाकतो. म्हणून तांदळातले खडे वेचावेत तसा हा गोंगाट वेचून काढण्यात मुलांचे कितीतरी दिवस संगणकासमोर जातात. रात्री उशिरा प्रोग्रॅम अडतो, शेजारी बसलेली, दुसऱ्या राज्यातून आलेली मुलगी चूक दाखवते, मग चहा होतो. शेवटी सगळ्यांसमोर आपलं काम मांडायचं आणि जिथे अडलं, तेही न लाजता सांगायचं.