आधारचा बारावा आकडा कशासाठी असतो?

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर, कुठल्याही सेतू केंद्रावर जा. मुलांच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म असो की रेशनकार्डाचं काम, पहिला प्रश्न एकच असतो: "आधार नंबर सांगा." आपण बारा आकडे घाईघाईत सांगतो, समोरचा टाइप करतो. एखादा आकडा चुकला, तर बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटर लगेच 'नंबर चुकीचा' म्हणतो. त्याला हे कळतं कसं?

देशातला पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. या नंबराची सुरुवात ० किंवा १ ने होत नाही. शेवटचा, म्हणजे बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून हिशेब करून काढलेला असतो. तो पहारेकरी आहे असं समजा.

सोपं उदाहरण घेऊ. २३४५ या आकड्यांची बेरीज १४, म्हणून पुढे पहारेकरी म्हणून ४ लिहिला: २३४५-४. चुकून २३७५-४ लिहिलं तर बेरीज १७ येते, शेवटी ७ हवा होता, चूक पकडली गेली. पण २४३५-४ लिहिलं तर? आकडे अदलाबदल झाले, बेरीज मात्र १४ च राहिली. चूक निसटली.

म्हणून आधारसाठी डच गणितज्ञ व्हरहोफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. तिच्यात साधी बेरीज नसते. कागदाचा पंचकोन आधी फिरवून मग उलटा केला आणि आधी उलटा करून मग फिरवला, तर तो वेगळ्या स्थितीत येतो. तिथे क्रमाला किंमत आहे. तसाच हिशेब इथे आहे. त्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर चूक हमखास सापडते.

पण दोन-तीन आकडे चुकले तर नंबर कधीकधी तपासणीतून पार होतो. मनाने लिहिलेल्या दर दहा नंबरांपैकी साधारण एक पार होईल. म्हणजे तपासणी पास झाली याचा अर्थ कार्ड खरं आहे किंवा नंबर तुमचाच आहे, असा होत नाही.

काहीजण विचारतात, या नंबरावरून आपला धर्म किंवा गाव कळतं का? नाही. २०१६ च्या आधार कायद्यानुसार हा नंबर कसलाही अर्थ नसलेला असावा लागतो. त्याचा आपल्या ओळखीशी, जातीधर्माशी संबंध नसतो. घराघरात पसरलेली ही भीती सोडून द्यावी.

फॉर्म भरताना मात्र चार-चार आकड्यांचे तीन गट करून नंबर सांगा, आणि 'सबमिट' दाबण्याआधी स्क्रीनवरचा नंबर व नावाचं स्पेलिंग कार्डाशी ताडून पाहा. नावाची चूक पकडणारा पहारेकरी त्या बारा आकड्यांत नाही.