पाणाड्या, नारळ आणि दहा घमेली

मंचरच्या बाजारात कांद्या-बटाट्याचे पैसे हाती आले, की अनेक शेतकऱ्यांच्या मनात बोअरचा विचार घोळू लागतो. मशीन येण्याआधी पाणाड्या येतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ चालता चालता जिथे उभा राहील, तिथे खूण करायची.

पाणाड्या लबाड असतो का? बहुधा नसतो. नारळ खरोखरच उभा राहतो. पण त्याला उभे करतात हाताचे स्नायू. तोल जेमतेम सांभाळलेली वस्तू कळत-नकळत झालेल्या हालचालीनेही कलते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1833 मध्ये दोऱ्याला टांगलेल्या लंबकाविषयी हेच दाखवले. डोळे बांधताच त्यांच्या हातातील लंबकाचे डोलणे थांबले!

‘पण पाणी तर लागते ना?’ लागते. आपला खडक बेसॉल्ट. पाणी वरच्या मुरमात व कुजलेल्या खडकात, खाली भेगांमध्ये आणि लाव्हाच्या दोन थरांमधील सांध्यांत साठते. ओढ्याकाठच्या सखल जमिनीत पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी मिळणारच. तेव्हा विचारायचे ते असे : पाणाड्याच्या खुणेवर पाणी लागण्याचे प्रमाण शेजारच्या कुठल्याही जागेपेक्षा जास्त आहे का? लागलेली बोअर गावभर सांगितली जाते. कोरडी गेलेली मात्र कर्जाच्या हप्त्यांतच उरते, आणि ‘मशीनवाल्याने जागा दोन फूट सरकवली’ हे कारण तयार असतेच.

म्युनिकजवळच्या एका कोठारात 1987-88 मध्ये निवडक 43 पाणाड्यांच्या 843 चाचण्या झाल्या. खाली पाण्याचा नळ सरकवायचा, वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायची. काहींना ही विद्या साधते, असे प्रयोगकर्त्यांचे मत पडले. जिम एनराइट यांनी 1999 मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ते योगायोगापलीकडे गेलेले दिसले नाहीत.

हा प्रयोग शाळेच्या पटांगणातही जमेल. दहा घमेली पालथी घाला आणि एकाखाली पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. कोणते घमेले, हे चिठ्ठी काढून ठरवा. तांब्या ठेवणाऱ्याने तिथून निघून जावे. नोंद करणाऱ्यालाही जागा ठाऊक नको, नाहीतर त्याचा चेहराच ती सांगेल. पाणाड्यांना सन्मानाने बोलवा आणि अटी त्यांना आधी मान्य असू द्या. वीस फेऱ्यांत नुसत्या अंदाजाने सरासरी दोनदा जमेल. सहा किंवा अधिक वेळा केवळ योगायोगाने जमण्याची शक्यता शंभरात सुमारे एक. तसे घडले, तर प्रयोग पुन्हा करा, आणि या वेळी तांब्या दुसऱ्या कोणालातरी ठेवू द्या.